काळा घोडा घडवणारा जोसेफ एडगर बोएम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळा घोडा नेमका कोणी घडवला?

काळा घोडा म्हणजे मुंबईतला, प्रिन्स ऑफ वेल्सचा (राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलाचा) घोड्यावरचा पुतळा. तो घडवला जोसेफ एडगर बोएम या शिल्पकाराने. जन्म व्हिएन्नाचा, कारकीर्द लंडनची. हा पुतळा मुंबईत घडला अशी अनेकांची समजूत असते, पण तो विलायतेहून बोटीने आला. मुंबईकरांनी चौकाला, रस्त्याला, आख्ख्या परिसराला घोड्याचं नाव दिलं. स्वार मागे पडला, आणि ज्याने दोघांना घडवलं तो तर कोणाच्या लक्षातच आला नाही.

बोएम मूळचा कुठला? हे काम शिकला कुठे?

जन्म जुलै १८३४, व्हिएन्ना. वडील जोसेफ डॅनिएल बोएम हे पदकं कोरणारे नामांकित कलावंत होते. तिथल्या शाही टांकसाळीत ते मोठ्या पदावर होते आणि जुन्या कलावस्तूंचे जाणकार संग्राहकही. घराणं मूळ हंगेरीकडचं. एखाद्या पदकावर बोटभर जागेत चेहरा बसवायचा तर नाक, कपाळ, हनुवटी यांतलं तसूभर अंतरही चुकून चालत नाही. पोराने हेच बघत बालपण काढलं. पुढे माणूस हुबेहूब उतरवण्यात बोएमचा हातखंडा मानला गेला, त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

१८४८ साली, चौदाव्या वर्षी, तो लंडनला आला. तिथे तीनेक वर्षं ब्रिटिश म्युझियममधली ग्रीक शिल्पं, विशेषतः अथेन्सच्या पार्थेनॉन या देवळाच्या संगमरवरी मूर्ती, चितारत बसणं हा त्याचा मुख्य अभ्यास होता. त्या पार्थेनॉनच्या पट्ट्यावर घोडेस्वारांची अख्खी मिरवणूक आहे, हे पुढचं वाचताना ध्यानात ठेवा. नंतर व्हिएन्ना, इटली आणि पॅरिस असा प्रवास झाला. व्हिएन्नात १८५६ साली त्याला शाही पारितोषिक मिळालं. १८६२ मध्ये तो कायमचा लंडनवासी झाला आणि १८६५ मध्ये ब्रिटिश नागरिक.

परक्या मुलखात जम कसा बसला?

भव्य पुतळ्यांनी नव्हे, छोट्या मूर्तींनी. भाजलेल्या मातीच्या, म्हणजे टेराकोटाच्या, टेबलावर मावतील अशा मूर्ती तो करायचा. उभा माणूस, त्याचे रोजचे कपडे, उभं राहण्याची लकब. कादंबरीकार थॅकरेची त्याने केलेली अशी मूर्ती गाजली. त्या काळातले बरेच इंग्रज शिल्पकार मोठ्या माणसाला रोमन झगा पांघरायचे. बोएमने कोट, पायघोळ विजार, चुरगळलेली बाही जशीच्या तशी ठेवली. गिऱ्हाइकांना हे भलतंच आवडलं.

दुसरी गोष्ट घोड्यांची. इंग्लंडच्या जमीनदारांना स्वतःच्या चेहऱ्याइतकंच, कधी कधी जास्तच, आपल्या घोड्याचं कौतुक. बोएमने घोड्यावर बसलेल्या स्त्री-पुरुषांच्या छोट्या मूर्ती केल्या, ओझी ओढणारे क्लाइड्सडेल जातीचे दणकट घोडेही केले. घोड्याची मानेची शीर, खांद्याचा स्नायू, खुराच्या वरचे केस हे त्याच्याइतकं जाणणारा शिल्पकार लंडनमध्ये तेव्हा क्वचितच होता.

राणी व्हिक्टोरियापर्यंत तो कसा पोचला?

विंडसर किल्ल्यासाठी केलेला राणीचा भव्य संगमरवरी पुतळा १८६९ चा. तिथून दरबाराचं दार उघडलं ते शेवटपर्यंत बंद झालं नाही. राणीची चौथी मुलगी, राजकन्या लुईझ, त्याची शिष्या झाली. १८७८ मध्ये रॉयल अकादमीचं सहसदस्यत्व आणि थोड्याच वर्षांत पूर्ण सदस्यत्व मिळालं. १८८१ मध्ये तो राणीचा अधिकृत शिल्पकार झाला आणि १८८९ मध्ये बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा ‘सर’. जन्माने परदेशी असलेल्या माणसासाठी ही चढण थोडी नव्हे.

मुंबईच्या पुतळ्याचं काम त्याच्याकडे का आलं?

प्रिन्स ऑफ वेल्स आल्बर्ट एडवर्ड भारताच्या दौऱ्यावर निघाला आणि ८ नोव्हेंबर १८७५ रोजी मुंबईत उतरला. त्या भेटीची आठवण म्हणून सर आल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी शहराला हा पुतळा भेट दिला. हे ससून घराणं बगदादहून आलेलं ज्यू व्यापाऱ्यांचं. पुण्याचं ससून हॉस्पिटल वडील डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलं, आणि कुलाब्याचा ससून डॉक या आल्बर्ट यांचा.

अशा वेळी शिल्पकार निवडताना दोनच गोष्टी बघायच्या: घोडा जमतो का, आणि राजघराण्याला माणूस चालतो का. बोएममध्ये दोन्ही होत्या. शिवाय राजपुत्राचा चेहरा त्याला नवा नव्हता. पुतळा ब्राँझचा, उंची सुमारे पावणेतेरा फूट, त्यात चौथरा धरलेला नाही. १८७९ साली त्याचं अनावरण झालं. जागाही मोक्याची: समोर डेव्हिड ससून ग्रंथालय, पलीकडे वॉटसन हॉटेल.

घोड्यावर बसलेला पाचवा जॉर्ज ना?

नाही. पाचव्या जॉर्जचे वडील, म्हणजे पुढे १९०१ मध्ये राजा झालेला सातवा एडवर्ड. गेटवे ऑफ इंडियामुळे जॉर्जचं नाव डोक्यात असतं, त्यातून हा घोळ होतो.

एवढा मोठा ब्राँझचा पुतळा बनायचा कसा?

आधी हातभर उंचीचं कच्चं मॉडेल. ते पसंत पडलं की लोखंडी सळ्या आणि लाकूड यांचा सांगाडा उभारून त्यावर पूर्ण आकारात ओली माती चढवायची. घोड्याच्या मॉडेलला कित्येक मण माती लागते आणि सगळा भार सांगाड्यावर असतो. तो कमजोर राहिला तर महिन्यांची मेहनत रातोरात खाली बसते. माती सुकून तडकू नये म्हणून तिच्यावर सतत ओली फडकी ठेवावी लागत. माती पूर्ण झाली की तिच्यावरून प्लास्टरचा साचा आणि साच्यातून प्लास्टरची प्रत. शिल्पकाराचं काम बव्हंशी इथे संपतं. पुढचं ओतशाळेकडे: प्रतीचे तुकडे पाडून एकेक भाग ओतायचा, सांधे जुळवायचे, कानशीने घासून, छिन्नीने टोकून पृष्ठभाग सारखा करायचा आणि शेवटी रसायनांनी रंग चढवायचा.

ओतलेलं ब्राँझ आतून पोकळ असतं. तरी घोड्याचा प्रश्न उरतोच, कारण अवाढव्य धड आणि वरचा स्वार चार बारीक पायांवर पेलायचे. त्यासाठी पायांच्या आत लोखंडी गज घालून ते चौथऱ्यात खोल रुतवतात. ‘काळा’ म्हणाल तर ताजं ब्राँझ तपकिरी-सोनेरी दिसतं. समुद्राची हवा, पाऊस आणि धूर यांनी ते काळवंडलं.

मग हे सगळं बोएमने स्वतः केलं?

शक्यच नाही, आणि तसं तो म्हणतही नसे. त्याच्या लंडनच्या कार्यशाळेत कायम मदतनीस असत. त्यातला मुख्य म्हणजे फ्रेंच शिल्पकार एदुआर लांतेरी. तो १८७२ पासून बोएमच्या मृत्यूपर्यंत त्याच्याकडे होता आणि उत्तरार्धातल्या पुष्कळ पुतळ्यांवर त्याचा हात आहे. पुढे तो साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेत प्राध्यापक झाला आणि ब्रिटिश शिल्पकारांच्या एका पिढीला मातीकाम त्याने शिकवलं. आल्फ्रेड गिल्बर्ट हा दुसरा. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधला ‘इरॉस’ म्हणून ओळखला जाणारा पंखवाला धनुर्धर त्याचा. ते स्मारकाचं काम आधी बोएमकडे आलं होतं. त्याने ते नाकारलं आणि गिल्बर्टचं नाव सुचवलं. हा मोठेपणा बोएमच्या खात्यावर जमा करायलाच हवा.

मदतनिसाने किती केलं तर पुतळा कोणाचा, हा वाद तेव्हाही होता. १८८२ साली लंडनमध्ये बेल्ट विरुद्ध लॉज हा खटला याच मुद्द्यावर गाजला. रिचर्ड बेल्ट नावाच्या शिल्पकाराची कामं दुसरेच करतात, असा आरोप चार्ल्स लॉजने केला होता. निकाल बेल्टच्या बाजूने लागला. बोएमवर असा उघड खटला झाला नाही, पण त्याच्या नावावरच्या कामांचा ढीग बघितला की शंका येते खरी. माझ्या मते उत्तर कामागणिक वेगळं आहे. डोळ्यांत जीव असलेले चेहरे त्याचे, आणि यंत्रवत झालेले काही दरबारी पुतळे कार्यशाळेचे.

खरा काळा घोडा आज कुठे आहे?

भायखळ्याला, जिजामाता उद्यानात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. १९६५ साली ब्रिटिशांच्या पुतळ्यांविरुद्धचा रोष रस्त्यावर उतरला, तेव्हा शहरातले असे पुतळे काढून इथे आणले गेले. काळा घोडा त्यातलाच. कॉर्नवॉलिस आणि वेलस्ली हेही त्याच आवारात आहेत. बुधवारी उद्यान आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात, तेव्हा तो दिवस टाळा.

तिथे गेलात तर आधी स्वाराकडे बघू नका. घोड्याच्या बाजूने उभे राहा आणि मान, छाती, पाठ अशी नजर फिरवा. राजपुत्र ठाकठीक आहे, त्याहून जास्त काही नाही. घोड्यात मात्र शिल्पकार रमलेला दिसतो. चौकाला घोड्याचं नाव देऊन मुंबईकरांनी नकळत योग्य तोच कौल दिला, असं मला वाटतं.

आणि चौकात आता जो घोडा आहे तो?

तो नवा, २०१७ मध्ये बसवलेला, आणि त्याच्यावर स्वार नाही. आराखडा वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांचा, शिल्प श्रीहरी भोसले यांचं. चौथऱ्यासकट उंची सुमारे २५ फूट. ही बोएमच्या घोड्याची प्रत नाही, ते स्वतंत्र काम आहे. मधली पन्नासेक वर्षं मात्र चौकात घोडाच नव्हता आणि नाव तेवढं टिकून राहिलं. १९९९ पासूनचा कला महोत्सवही त्याच नावाने भरतो.

चापेकरांनी डांबर फासलेला राणीचा पुतळा बोएमचाच का?

नाही, तो मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराचा. संगमरवरी, नक्षीदार छत्रीखाली बसलेली राणी. खर्च बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी केला होता आणि अनावरण १८७२ चं. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी डांबर फासलं ते याच पुतळ्याला. रँडच्या वधाआधीची ती घटना. आज ही राणीही भायखळ्याच्या आवारात आहे, त्यामुळे दोन्ही पुतळे एकाच हातचे असा समज होतो.

बोएमचं सर्वांत चांगलं काम कोणतं?

माझं मत मागाल तर टॉमस कार्लाइल. लंडनमध्ये चेल्सी भागात, नदीकाठच्या बागेत, कार्लाइलच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तो आहे. मॉडेल १८७५ चं, ब्राँझचा पुतळा तिथे बसला १८८२ मध्ये, कार्लाइलच्या मृत्यूनंतर वर्षभराने. म्हातारा लेखक लांब घोळदार झग्यात खुर्चीत बसलाय, हात मांडीवर, चेहऱ्यावर जगाबद्दलची जुनी नाराजी. पदक नाही, तलवार नाही, हातवारे नाहीत. झाकून ठेवण्यासारखं म्हातारपण बोएमने उघड मांडलं आहे. रस्किनसारख्या चिकित्सक समीक्षकाने या कामाची तारीफ केली होती.

दुसरा डार्विन. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये मुख्य जिन्यावर बसलेला पांढराशुभ्र संगमरवरी डार्विन तुम्ही फोटोत नक्की पाहिला असेल. डार्विन १८८२ मध्ये गेला, पुतळ्यासाठी देशोदेशींहून वर्गणी आली. एकट्या स्वीडनमधून दोन हजारांवर लोकांनी पैसे पाठवले. ९ जून १८८५ रोजी पुतळा संग्रहालयाच्या स्वाधीन झाला. तो स्वीकारायला हजर होता खुद्द प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे आपल्या घोड्यावरचा स्वार! १९२७ मध्ये डार्विनला तिथून उठवून त्याचा कट्टर विरोधक रिचर्ड ओवेनचा पुतळा बसवला गेला. डार्विनच्या द्विशताब्दीच्या तोंडावर, २००८ मध्ये, तो पुन्हा आपल्या जागी आला.

बाकीची यादी लांबलचक आहे: बेडफर्डचा जॉन बन्यन (१८७४), टॅव्हिस्टॉकचा फ्रान्सिस ड्रेक (१८८३) आणि पुढच्याच वर्षीची त्याची प्लिमथची प्रत, टेम्सकाठचा विल्यम टिंडेल (१८८४). हाइड पार्क कॉर्नरचा घोड्यावरचा वेलिंग्टन १८८८ चा. त्याच्या चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर उभे असलेले साधे सैनिक मला वेलिंग्टनपेक्षा जास्त आवडतात.

भारताशी संबंधित आणखी पुतळे आहेत का?

दोन सांगण्यासारखे आहेत. कोलकात्यात प्रिन्सेप घाटाजवळ घोड्यावर बसलेला लॉर्ड नेपियर बोएमचा. हा नेपियर १८६० च्या दशकात मुंबईच्या लष्कराचा सेनापती होता आणि अॅबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) स्वारीवरचं सैन्य त्याने मुंबईहूनच नेलं. त्याच पुतळ्याची दुसरी प्रत लंडनमध्ये आहे.

दुसरा लॉर्ड लॉरेन्स, पंजाबचा कारभारी आणि पुढे व्हाइसरॉय. लंडनच्या वॉटर्लू प्लेससाठी बोएमने केलेला त्याचा पहिला पुतळा लोकांना पसंत पडला नाही, म्हणून त्याने दुसरा करून दिला. नापसंत पहिला पुतळा वाया जाऊ द्यायचा नाही, म्हणून पाठवला कुठे, तर लाहोरला! एका हातात लेखणी, दुसऱ्यात तलवार, आणि खाली प्रश्न कोरलेला: तुमच्यावर राज्य लेखणीने करायचं की तलवारीने? इंग्लंडने नाकारलेला माल आणि वर हा दम. १९२० च्या दशकात लाहोरकरांनी या पुतळ्याविरुद्ध आंदोलन उभारलं, तोडफोड झाली, प्रकरण गांधीजींपर्यंत गेलं. अखेर १९६० च्या दशकात तो उत्तर आयर्लंडमधल्या डेरी इथे, लॉरेन्सच्या जुन्या शाळेत, जाऊन उभा राहिला.

राणीच्या नोकराचा पुतळाही त्यानेच केला?

हो. जॉन ब्राऊन हा राणीचा स्कॉटिश सेवक १८८३ मध्ये वारला. राणीने बोएमकडून त्याचा पूर्णाकृती पुतळा करवून बाल्मोरलला उभारला. सातवा एडवर्ड गादीवर येताच त्याने तो नजरेआड, झाडीत हलवला. म्हणजे आपल्याच शिल्पकाराचं काम या राजाने अडगळीत टाकलं, आणि पुढे मुंबईत त्याच्या स्वतःच्या पुतळ्यावरही जागा सोडायची पाळी आली.

बोएमचा मृत्यू गूढ होता असं म्हणतात. खरं काय?

१२ डिसेंबर १८९० रोजी लंडनमधल्या घरी, कामाच्या खोलीत, तो अचानक गेला. वय ५६. त्या दिवशी राजकन्या लुईझ तिथे आली होती, एवढ्यावरून कुजबुज सुरू झाली आणि आजही चवीने सांगितली जाते. शरीरातली रक्तवाहिनी फुटली हे कारण पटण्यासारखं आहे. दोघांच्या नात्याबद्दल ज्या गोष्टी पसरल्या त्यांना अफवेपलीकडचा आधार नाही, त्यामुळे त्या इथे उगाळत नाही. लुईझ स्वतः पक्की शिल्पकार होती हे मात्र त्या गप्पांत हरवतं. केन्सिंग्टन गार्डनमधला तरुण राणीचा संगमरवरी पुतळा (१८९३) तिने घडवलेला आहे. बोएमला लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये पुरलं, जिथे त्यानेच केलेलं जनरल गॉर्डनचं स्मारकशिल्प आहे.

इतका मोठा, तर मग विसरला कसा गेला?

एक तर वेळ चुकली. १८८० च्या दशकात गिल्बर्टसारखे तरुण शिल्पकार पुराणकथा, कल्पनारम्य आकृत्या, नवे पृष्ठभाग घेऊन आले. तिकडे पॅरिसमध्ये शिल्पकार रोदँ गाजत होता. त्यांच्यापुढे बोएम साहेबी थाटाचा, जुना वाटू लागला. आधीच्या रोमन झग्यांचा मार्ग मोडून त्यानेच या मंडळींना वाट करून दिली होती, पण वाट करणाऱ्याचं नाव कोण ठेवतो? दुसरं कारण त्याचे विषय. सेनापती, व्हाइसरॉय, राजपुत्र यांची पत संपली की त्यांचे पुतळे रंगकामाला आणि कबुतरांना उरतात, आणि घडवणाराही त्यांच्याबरोबर जातो. बोएमने कामं नाकारायला आणखी शिकायला हवं होतं, असं त्याचा कार्लाइल बघताना राहून राहून वाटतं.

आणि तिसरं, नाण्यांमुळे झालेली फजिती.

नाण्यांचं काय प्रकरण आहे?

१८८७ मध्ये राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली. त्यानिमित्त ब्रिटनच्या सोन्या-चांदीच्या नाण्यांवर बोएमने केलेला नवा चेहरा आला. राणीच्या डोक्यावर इवलासा मुकुट, पडतो की काय असा. लोक खदखदून हसले. वास्तविक तो मुकुट काल्पनिक नव्हता. जड राजमुकुट नको म्हणून राणीने १८७० मध्ये छोटा हिऱ्यांचा मुकुट करवून घेतला होता आणि ती तोच घालायची. बोएमने दिसलं ते कोरलं. पण माणसाच्या डोक्यावर शोभणारी वस्तू नाण्याच्या चकतीवर शोभेलच असं नाही, आणि टांकसाळीत वाढलेल्या मुलाला हे कळायला हवं होतं.

त्यात सहा पेन्सचं नाणं आणखी वांध्यात आलं. त्याची मागची बाजू अर्धा सॉव्हरिन या सोन्याच्या नाण्यासारखी दिसे, तेव्हा लबाड लोकांनी त्यावर सोन्याचा मुलामा देऊन ते सोन्याच्या भावात खपवलं. टांकसाळीला नक्षी घाईने बदलावी लागली. मागची बाजू बोएमची नव्हती, बोल मात्र त्याच्या वाट्याला आले. १८९३ मध्ये टॉमस ब्रॉकने केलेला, डोक्यावर ओढणी घेतलेल्या राणीचा चेहरा आला आणि बोएमचा निवृत्त झाला.

आमच्याकडे व्हिक्टोरियाचा जुना रुपया आहे. त्यावरचा चेहरा बोएमचा आहे का?

नाही. भारतातल्या रुपयांवर १८६२ पासूनचा तरुण, मुकुटधारी चेहराच शेवटपर्यंत चालू राहिला. बोएमचा चेहरा हवा असेल तर १८८७ ते १८९३ मधली ब्रिटनची चांदीची किंवा सोन्याची नाणी शोधा. ब्राँझच्या पेनीवर तो कधी आलाच नाही. राणीच्या खांद्याखाली, जिथे चेहरा कापल्यासारखा संपतो तिथे, भिंगातून बघितलं तर त्याच्या नावाची तीन आद्याक्षरं बारीक अक्षरांत सापडतात. १८८७ चं सहा पेन्स मिळालं आणि मागे पुष्पचक्राऐवजी ढाल असेल, तर ते नक्षी बदलण्याआधीचं. त्यावर कुठे पिवळट झाक दिसली तर हुरळून सोनाराकडे धावू नका. तो त्या जुन्या लबाडीतला मुलामा असू शकतो.